‘पेशंटचे तुम्ही कोण?’ – अविवाहित जोडीदार आणि मित्रांचे रुग्णालयातील हक्क

रुग्णालयात पेशंट अॅडमिट करताना काउंटरवरचा एक प्रश्न ठरलेला असतो : “पेशंटचे तुम्ही कोण?” नवरा, बायको, मुलगा, आई असे उत्तर आले की फॉर्म पुढे सरकतो. “मित्र आहे”, “आम्ही एकत्र राहतो”, “मैत्रीण आहे” असे उत्तर आले की पेन थांबते आणि पुढचा प्रश्न येतो : “घरचं कोणी नाही का?”

आज अनेकांच्या घरात नात्याचे माणूस नसते. निवृत्तीनंतर एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन मैत्रिणी असतात, जोडीदार गेल्यावर उतारवयात लग्नाशिवाय सहजीवन निवडलेले ज्येष्ठ असतात. लिव्ह-इनमध्ये राहणारी तरुण जोडपी, समलिंगी जोडपी आणि नोकरीसाठी गाव सोडून रूम शेअर करणारी मुले-मुलीही असतात. कोणाची मुले परदेशात असतात, तर कोणाचे घरच्यांशी संबंध तुटलेले असतात. आजारपणात त्यांच्या उशाशी बसणारे माणूस कागदावर मात्र ‘कोणीच नाही’ असते.

अशा माणसाला रुग्णालयात नेमके काय करता येते, काय करता येत नाही आणि त्यासाठी आधी काय तयारी करून ठेवावी, हे या लेखात समजून घेऊ. मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही शुद्धीत आहात तोवर तुमच्या उपचाराचा निर्णय तुमचाच असतो, नातेवाईकाच्या सहीची त्याला गरज नसते. तुम्ही बेशुद्ध झालात की मात्र मित्राला किंवा अविवाहित जोडीदाराला कायद्याने आपोआप मिळणारे अधिकार फार थोडे आहेत. ते आधी लिहून ठेवले तरच त्यांना बळ येते.

शुद्धीतल्या प्रौढ रुग्णाची सही, ही रुग्णाचीच

ऑपरेशनच्या संमतिपत्रावर नातेवाईकाची सही लागतेच, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात १८ वर्षे पूर्ण झालेली, शुद्धीवर असलेली आणि समजून निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती स्वतःच संमती देते. तिच्या वतीने आई, नवरा किंवा भाऊ ती देऊ शकत नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा समीरा कोहली खटल्यातील निकाल महत्त्वाचा आहे. ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिलेने फक्त तपासणीसाठीच्या लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजाशय काढण्यात आले. न्यायालयाने आईची संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण प्रौढ होती, काही वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून तिला विचारण्यासाठी थांबायला हवे होते, असे न्यायालयाने म्हटले. तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे, हेही याच निकालाने स्पष्ट केले.

जिथे सख्ख्या आईची सही चालत नाही, तिथे ‘घरच्यांपैकी कोणीतरी सही करा, मगच ऑपरेशन’ हा आग्रह कायद्याचा नसून रिवाजाचा आहे. त्यामागचे कारणही समजून घ्या. ऑपरेशननंतर काही गुंतागुंत झाली, तर ‘आम्हाला सांगितलंच नाही’ अशी तक्रार होईल, वाद होईल, बिल अडकेल, अशी भीती रुग्णालयाला असते. म्हणून आम्ही डॉक्टर सोबतच्या माणसाचीही सही घेतो. ती साक्षीदाराची सही असते आणि साक्षीदार मित्रही असू शकतो.

अशा वेळी शांतपणे सांगा : “रुग्ण शुद्धीवर आहे, संमतीची सही तोच करेल. मी साक्षीदार म्हणून सही करतो.” बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होते.

इमर्जन्सीत उपचार थांबू शकत नाहीत

अपघात, हार्ट अटॅक, पक्षाघात, मोठा रक्तस्राव अशा वेळी जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार नातेवाईक येईपर्यंत थांबवता येत नाहीत. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या वतीने ती देणारे कोणी वेळेत मिळत नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे.

रस्ते अपघातातील जखमीला रुग्णालयात आणणाऱ्यालाही २०१९ मध्ये सुधारित झालेल्या मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याने आपले नाव-पत्ता देणे बंधनकारक नाही. पण तुम्ही जोडीदार किंवा मित्र असाल, तर नाव जरूर द्या. रुग्णाला कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे, शेवटचे कधी खाल्ले, ही माहिती त्या क्षणी कोणत्याही नात्यापेक्षा जास्त उपयोगाची असते. ती सांगायला कोणत्याही कागदाची गरज नसते.

रुग्ण बेशुद्ध असेल आणि निर्णय तातडीचा नसेल तर?

सगळ्यात अवघड जागा हीच. समजा, रुग्णाला मेंदूतील रक्तस्राव झाला आहे. जीव वाचला, पण तो शुद्धीवर नाही. आता श्वासनलिकेला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी करायची का, दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे का, दुसरे ऑपरेशन करायचे का, असे प्रश्न येतात. हे कोण ठरवणार?

बेशुद्ध प्रौढ रुग्णाच्या वतीने कोणी आणि कोणत्या क्रमाने निर्णय घ्यायचे, हे सर्व उपचारांसाठी सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत ऑपरेशनपूर्वी लेखी संमती घ्यायला सांगितले आहे. त्यात पती किंवा पत्नी, अज्ञान मुलाचे आई-वडील किंवा पालक आणि स्वतः रुग्ण यांचा उल्लेख आहे. मित्राचा किंवा अविवाहित जोडीदाराचा नाही. त्यामुळे व्यवहारात रुग्णालय रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याकडेच वळते. दहा वर्षे बोलणे नसलेला भाऊ आला, तरी आयसीयूबाहेर त्याला विचारले जाते आणि दहा वर्षे सोबत राहिलेली व्यक्ती बाजूला उभी राहते.

“मग मुखत्यारपत्र करून ठेवू का?” असे अनेकजण विचारतात. ते जरूर करा, पण त्याची मर्यादा ओळखून. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या क्षणी ते सर्वात जास्त लागणार, त्याच क्षणी ते लंगडे पडते. तुम्ही शुद्धीत आहात पण अंथरुणाला खिळलेले आहात, अशा काळात बँकेची, विम्याची, रुग्णालयाची कामे करायला ते उपयोगी आहे. कोमातील निर्णयांसाठी त्यावर विसंबू नका.

कोमा लांबला तर उच्च न्यायालयात अर्ज करून रुग्णासाठी पालक नेमून घेता येतो. असे आदेश आजवर बहुतेक पती-पत्नी किंवा मुलांच्या अर्जांवर झाले आहेत. मित्राने किंवा जोडीदाराने अर्ज करायचा असेल, तर आपण खरोखर या रुग्णाची काळजी घेत होतो याचा पुरावा लागेल. हा पुरावा आधीच कसा तयार ठेवायचा, ते पुढे पाहू.

माहिती आणि रिपोर्ट कोणाला मिळतात?

आजाराची माहिती ही रुग्णाची मालमत्ता आहे. त्याच्या परवानगीशिवाय ती मित्राला सांगता येत नाही, हे बरोबर. पण शुद्धीत असलेल्या प्रौढ रुग्णाची माहिती त्याच्या इच्छेविरुद्ध नातेवाईकांनाही सांगता येत नाही, हे आपण विसरतो.

दुसरी बाजूही पाहा. त्याच आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या सोबतच्या व्यक्तीने मागितल्यास केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती ७२ तासांत द्याव्या लागतात. इथे ‘नातेवाईक’ असा शब्द नाही. म्हणून अॅडमिट होतानाच केसपेपरवर लिहून घ्या : “माझ्या आजाराची सर्व माहिती व कागदपत्रे अमुक व्यक्तीला द्यावीत.” खाली सही, तारीख, वेळ आणि त्या व्यक्तीचा फोन नंबर टाका. या एका ओळीने पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

आयसीयूत कोणी भेटायचे हे मात्र रुग्णालयाचे नियम ठरवतात. त्यासाठी वेगळा कायदा नाही. भेटीचा पास कोणाच्या नावे काढायचा, हे रुग्णानेच सांगितले असेल तर ते मानले जाण्याची शक्यता वाढते.

मानसिक आजार : इथे कायदा मित्राला ओळखतो

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ या बाबतीत सगळ्यात पुढे आहे. या कायद्याने कोणतीही प्रौढ व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरते, स्टँप पेपर लागत नाही. प्रतिनिधी नातेवाईकच असावा अशी अट नाही. तो प्रौढ असावा, जबाबदारी पेलू शकणारा असावा आणि त्याने उपचार करणाऱ्यांना लेखी होकार द्यावा, एवढेच. नेमणूक केव्हाही बदलता येते.

असा प्रतिनिधी उपचारांची माहिती मागू शकतो, निर्णय घ्यायला रुग्णाला मदत करू शकतो आणि डिस्चार्जच्या नियोजनात भाग घेऊ शकतो. रुग्णाला जास्त आधाराची गरज असेल तेव्हा भरतीचा अर्जही तोच करतो.

तुम्ही कोणालाच नेमले नसेल, तर कायदा क्रम लावतो : आधी नातेवाईक, मग काळजीवाहक. नातेवाईक म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेली व्यक्ती. काळजीवाहक म्हणजे रुग्णासोबत राहून त्याची काळजी घेणारी व्यक्ती, आणि ती नात्याबाहेरचीही असू शकते. म्हणजे जोडीदाराला जागा आहे, पण नातेवाईकांच्या मागे. त्याला पुढे आणायचे असेल, तर तो साधा कागद लिहावा लागतो. बायपोलर, स्किझोफ्रेनिया किंवा पुन्हा पुन्हा येणारे तीव्र डिप्रेशन असलेल्यांनी बरे वाटत असतानाच हे करून ठेवावे.

गर्भपात, बाळंतपण आणि एचआयव्ही

गर्भपातासाठी १८ वर्षांवरील स्त्रीची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, जोडीदाराची किंवा आई-वडिलांची सही कायदा मागत नाही. ती अज्ञान असेल किंवा मानसिक आजाराने ग्रस्त असेल, तरच पालकाची संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे हेही कायद्याने बंधनकारक आहे.

बाळंतपणात सिझेरियनची संमती बाळंतिणीचीच असते. सोबत असलेला जोडीदार साक्षीदार म्हणून सही करू शकतो.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यात ‘जोडीदार’ या शब्दात लग्नासारख्या नात्यातील व्यक्तीचाही समावेश आहे. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची माहिती घरच्यांना देता येत नाही. संसर्गाचा मोठा धोका असेल, तर समुपदेशनानंतर आणि ठरलेल्या अटी पाळून डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात.

अवयवदान

किडनी किंवा यकृताचा भाग देताना कायदा ‘जवळचे नातेवाईक’ ठरवून देतो : पती-पत्नी, मुले, आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे. मित्र किंवा अविवाहित जोडीदार या यादीत नाही. तरी त्याला अवयव देताच येत नाही असे नाही. जिव्हाळ्यापोटी दान करता येते, पण त्यासाठी कायद्याने नेमलेल्या समितीची परवानगी लागते. पैशांचा व्यवहार नाही ना, दबाव नाही ना, हे समिती तपासते. अवयवविक्री रोखण्यासाठी ही कडक तपासणी आवश्यकच आहे. एकत्र राहण्याचे जुने पुरावे, फोटो, एकाच पत्त्यावरची कागदपत्रे इथे उपयोगी पडतात. तपासणीला वेळ लागतो, म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर लवकर विषय काढा.

लिव्हिंग विल : आयुष्याच्या शेवटचे निर्णय

बरे होण्याची आशा संपली असताना व्हेंटिलेटरसारखे कृत्रिम उपाय चालू ठेवावेत की नाही, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कॉमन कॉज खटल्यात मान्य केला. त्यातली पद्धत किचकट होती, ती जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले की लिव्हिंग विल तयार होते. त्याची प्रत फॅमिली डॉक्टरला आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची असते. महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमलेले आहेत. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच स्वतःचे लिव्हिंग विल करून सुरुवात करून दिली.

आपल्यासाठी महत्त्वाचा भाग हा : तुम्ही निर्णयक्षम राहिला नाहीत, तर तुमच्या वतीने कोणाशी बोलायचे, त्याचे नाव लिव्हिंग विलमध्ये लिहायचे असते. निकालातील शब्द ‘पालक किंवा जवळचे नातेवाईक’ असे आहेत. मित्राचे किंवा जोडीदाराचे नाव देताना ‘मी यांना माझे पालक म्हणून नेमत आहे’ असे स्पष्ट लिहा आणि एकापेक्षा जास्त नावे द्या. मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

हेही लक्षात ठेवा की लिव्हिंग विल फक्त बरे न होणाऱ्या अवस्थेत लागू होते, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खात्री केल्यावर. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी त्याचा उपयोग नाही.

मृत्यू झाल्यास

जवळचे नातेवाईक असतील तर मृतदेह त्यांच्या ताब्यात देण्याची पद्धत आहे. समलिंगी विवाहाबाबतच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क मान्य केला नाही, पण अशा जोडप्यांच्या अडचणींसाठी केंद्राने समिती नेमावी असे म्हटले. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले : जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील, तर अशा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. नातेवाईक हजर असतील तेव्हाचा प्रश्न यातून सुटत नाही. म्हणून अंत्यविधीबाबतची इच्छाही लिहून ठेवा. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हा नियम मात्र सर्वांसाठी आहे.

आता काय करायचे?

खालील कामे एका रविवारी बसून होतील.

१. माहिती व प्रतिनिधीपत्र लिहा. नमुना असा :

“मी, (पूर्ण नाव, वय, पत्ता), शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते/देतो की, मी आजारी पडल्यास माझ्या प्रकृतीची सर्व माहिती व कागदपत्रे (नाव, पत्ता, फोन) यांना द्यावीत. मला भेटण्याची व माझ्यासोबत राहण्याची त्यांना परवानगी असावी. मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्यास माझ्या उपचारांबाबत प्रथम त्यांच्याशी चर्चा करावी. माझ्या इच्छा त्यांना माहीत आहेत. ते उपलब्ध नसल्यास (दुसरे नाव) यांच्याशी बोलावे. माझ्या (नात्यातील व्यक्ती) यांनाही कळवावे / कळवू नये.”

खाली तारीख, सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. जमल्यास नोटरी करा. हा कागद म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. पण रुग्णाची इच्छा काय होती, याचा तो लेखी पुरावा आहे. डॉक्टरला माहिती देण्याचा आधार त्यातून मिळतो आणि पुढे न्यायालयात जावे लागले तर तो कामी येतो.

२. मानसिक आरोग्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा वेगळा कागद करा.

३. साठी उलटली असेल किंवा गंभीर आजार असेल, तर लिव्हिंग विल करा.

४. मोबाइलमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्याच व्यक्तीचे नाव टाका. पाकिटात एक छोटी चिठ्ठी ठेवा : रक्तगट, आजार, गोळ्या, अॅलर्जी, त्या व्यक्तीचा नंबर.

५. पैशांची सोय पाहा. दोघांच्या नावे एक खाते असेल, तर डिपॉझिट भरताना अडत नाही. आरोग्य विम्यात ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे पॉलिसीत वाचा. जोडीदार त्यात बसत नसेल, तर दोघांनी स्वतंत्र पॉलिसी घ्या आणि कार्ड कुठे ठेवले आहे ते एकमेकांना सांगा.

६. एकत्र राहण्याचे पुरावे एका फाइलमध्ये ठेवा : भाडेकरार, वीजबिल, जुने केसपेपर, ज्यावर सोबतची व्यक्ती म्हणून तुमचे नाव आहे.

७. हे सगळे फॅमिली डॉक्टरला सांगा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. रात्री रुग्णालयातून फोन आला तर “हो, गेली आठ वर्षे हेच सोबत येतात” एवढे सांगणारा डॉक्टर खूप मोठा आधार ठरतो.

सही करण्याआधी एक सावधगिरी

मित्राच्या अॅडमिशनच्या वेळी तुमच्यापुढे कागदांचा गठ्ठा येतो. त्यात माहितीचा फॉर्म, साक्षीदाराची सही आणि बिलाची हमी वेगवेगळी असते. बिल भरण्याची हमी देणाऱ्या कागदावर सही केलीत, तर त्या रकमेसाठी रुग्णालय तुमच्याकडे येऊ शकते. देण्याची तयारी असेल तर जरूर करा, पण वाचून करा. स्वतःला खोटे ‘नवरा’ किंवा ‘भाऊ’ म्हणवूनही घेऊ नका. पुढे खरे नातेवाईक आले की तुमचा शब्द डॉक्टरांच्या नजरेत हलका होतो आणि तुमचे खरे म्हणणेही ऐकले जात नाही.

रुग्णालयाने अडवले तर

काउंटरवर वाद घालत बसू नका, तिथल्या माणसाच्या हातात फारसे नसते. थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरला किंवा मेडिकल सुपरिंटेंडंटला भेटा आणि कागद दाखवा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, ते अशा वेळी मध्यस्थी करतात. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ती वाचा आणि तिच्यावर बोट ठेवून बोला. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

रुग्णाचे नातेवाईक आणि तुम्ही यांच्यात मतभेद झाले, तर “मला काय वाटतं” यापेक्षा “त्यांना काय हवं होतं” यावर बोला. त्यांनी लिहिलेला कागद पुढे ठेवा. आम्हा डॉक्टरांनाही दोन बाजूंच्या भांडणात रुग्णाचे स्वतःचे शब्द मिळाले की निर्णय सोपा होतो.

आणि घरच्यांशी बोला

शक्य असेल तिथे घरच्यांना आधी कल्पना द्या. भावाला, मुलीला सांगा : “मी आजारी पडले तर माझ्या मैत्रिणीला सगळं माहीत आहे, तिचं ऐका.” हे वाक्य चांगल्या दिवसांत, चहा पिताना सांगितले तर त्यात कोणाला अपमान वाटत नाही. तेच आयसीयूच्या दारात पहिल्यांदा कळले, तर भांडण होते आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. जिथे घरच्यांशी बोलणे सुरक्षित नाही, तिथे कागद आणि डॉक्टर हे दोनच आधार. म्हणून ते पक्के करा.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या परिस्थितीत काय योग्य, यासाठी वकिलाचा सल्ला घ्या. पण वरचा पहिला कागद लिहायला वकील लागत नाही. पुढच्या तपासणीला आपल्या डॉक्टरकडे जाल, तेव्हा तो सोबत घेऊन जा आणि ज्याचे नाव त्यात लिहिले आहे, त्यालाही सोबत न्या.